बाईंचा भाचा

मराठीत 'जरा' या शब्दाइतका फसवा शब्द दुसरा नसेल. आत्या फोनवर म्हणते, "संध्याकाळी जरा ये." त्या 'जरा'त सतरंजी अंथरणं, वीसेक पाट्या ओल्या फडक्याने पुसणं, पेन्सिलींना टोक करणं, दिव्याची वायर ओढून आणणं, आयांबरोबर आलेली पोरं सांभाळणं आणि हे सगळं करून चारचौघांत बोलणी खाणं, एवढं सगळं आरामात बसतं.

आत्या निवृत्त शिक्षिका आहे, म्हणजे सरकारदरबारी तशी नोंद आहे. प्रत्यक्षात ती रोज रात्री समाजमंदिरात मोठ्या माणसांना लिहावाचायला शिकवते, दिवसा त्यांचे अर्ज भरून देते आणि मधल्या वेळात माझी मराठी सुधारते. सगळं गाव तिला 'बाई' म्हणतं. मला 'बाईंचा भाचा' म्हणतं. हे पद लांबून मानाचं दिसतं. जवळून पाहिलं तर ते बिनपगारी शिपायाचं आहे. आत्याकडे संयमाचा केवढा तरी साठा आहे, पण तो सगळा वर्गात खर्च होतो. माझ्या वाट्याला येईपर्यंत मडकं कोरडं पडलेलं असतं.

वर्ग साडेआठला भरतो. त्याआधी कोणाच्याच तव्यावरची शेवटची भाकरी उतरलेली नसते. साडेनऊला सुटतो, कारण दिवसभर राबलेला माणूस त्यानंतर अक्षरं पाहत नाही, स्वप्नं पाहतो. मला मात्र साडेसातला हजर राहायचं असतं. वेळेबद्दल कुरकुर केली की इतिहास ऐकावा लागतो. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली ती काय हौस म्हणून? १९५९ साली साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली तेव्हा लोक कंदील घेऊन शिकायला बसले, आणि तुला बटण दाबून दिवा लागतो तरी जड होतं? या प्रश्नांना उत्तर नसतं. मी मुकाट्याने बटण दाबतो.

बटण दाबून भागत मात्र नाही, कारण दिवा कुठे आहे यावर निम्मा वर्ग अवलंबून असतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून यावा लागतो. नाही तर त्याच्या हाताची सावली नेमकी पेन्सिलीच्या टोकावर पडते आणि तो स्वतःच्याच सावलीत अक्षर शोधत बसतो. फळ्यासमोर थेट दिवा धरला तर फळा चकाकतो आणि कोपऱ्यातल्यांना आरशासारखा दिसतो. म्हणून दिवा थोडा वर, थोडा डावीकडे, फळ्याला तिरका. ही जागा सापडेपर्यंत मी स्टुलावर उभा असतो आणि खाली आत्या म्हणत असते, "अजून जरा." पुन्हा तेच 'जरा'.

नव्या माणसाला ती आधी अक्षर दाखवत नाही, सुईदोरा देते. ही तिची प्रवेशपरीक्षा. सुईत दोरा ओवता आला तर पाटी समोर येते. माणूस सुई हातभर लांब धरून डोळे बारीक करायला लागला तर त्याची आधी चाळिशी, म्हणजे वाचायचा चष्मा, व्हायची. चाळिशीनंतर जवळचं अंधुक दिसू लागतं, हे कोणाला चुकत नाही. पण ज्याने आयुष्यात कधी बारीक अक्षर पाहिलंच नाही, त्याला ते अंधुक दिसतंय हे कळणार कसं? तो समजतो, अक्षरं अशीच पुसट असतात आणि आपलं डोकंच मंद आहे. डोळे तपासून साधा वाचायचा चष्मा लागला की यातली काही 'मंद' डोकी आठवडाभरात पळायला लागतात. चष्म्यानेही फरक पडला नाही तर मोतीबिंदू आहे का ते पाहायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कोणाला केव्हा न्यायचं याची यादी आत्याच्या वहीत असते आणि मोटरसायकल माझी असते.

आता खडू. कोरा लांब खडू फळ्याला काटकोनात टेकवला की किंचाळतो, कारण तो सलग घसरत नाही, अडकत आणि सुटत जातो. लांब खडू जास्त थरथरतो. त्याचे दोन तुकडे करायचे आणि तिरका धरून ओढायचा. डस्टर वरून खाली फिरवायचं, आडवं नाही. आडवं फिरवलं की धूळ पहिल्या ओळीतल्या आजींच्या पदरात जाते. अक्षर किमान चार बोटं उंच हवं. यातलं प्रत्येक वाक्य मला वेगवेगळ्या दिवशी सगळ्यांदेखत ऐकवलं गेलं आहे. वर्गाला त्यातून खूप धीर येतो, असं आत्याचं म्हणणं आहे. सुशिक्षित माणूसही चुकतो हे दिसलं पाहिजे, आणि त्या कामासाठी मी आहे.

पहिले काही दिवस वही नाही, पाटी. वहीतली चूक राहते, पाटीवरची पुसली जाते, आणि मोठ्या माणसाला कशापेक्षाही चूक राहण्याची भीती वाटते. शिवाय ज्या हाताने वर्षानुवर्षं कुदळ धरली, तो हात पेन्सिलही कुदळीसारखीच धरतो. टोक मोडतं, कागद फाटतो. म्हणून आधी आडव्या रेघा, उभ्या रेघा, गोल, अर्धगोल. रांगोळी काढणाऱ्या बाया इथे सहज पुढे जातात. त्यांच्या बोटांना वळण आहे, फक्त ते त्यांना कोणी कधी सांगितलेलं नसतं. पुरुष मागे पडतात आणि चिडतात. त्यांना आत्या समजावते, "दादा, पेन्सिल पळून जात नाही. सैल धरा." तिच्या आवाजात तेव्हा जो गोडवा असतो, तो मी घरात कधी ऐकलेला नाही.

प्रत्येकाला पहिल्या दिवशी हवी असते सही. अंगठा लावण्याची लाज इतकी खोल गेलेली असते की बाकी काही नाही आलं तरी चालेल, सही आली पाहिजे. इथे नशिबाचा भाग फार मोठा आहे. ज्याचं नाव 'कमल' किंवा 'मदन', तो आठवड्यात सही करतो. 'कृष्णा'ला महिना लागतो. 'द्रौपदी'ला त्याहून जास्त. 'त्र्यंबक' नावाच्या माणसाने बारशाच्या दिवशीच आईबापांकडे दाद मागायला हवी होती. त्या एका अक्षरात त आहे, र आहे, य आहे आणि वर टिंब. शिवाय असं नाव नुसतं गिरवून घेतलं तर माणूस ते लिहीत नाही, काढतो. मोर काढावा तसं. 'त्र्यंबक' झकास काढणाऱ्याला त्यातला 'ब' वेगळा दाखवला तर ओळखता येत नाही. म्हणून आत्या सही देते, पण लगेच त्यातली अक्षरं सुटी करून दुसऱ्या शब्दांत पेरते. 'कमल'मधला 'म' 'मन'मध्ये सापडला की शिकणारी पहिल्यांदा वर बघून हसते. तिथून ती वाचायला लागली असं धरायचं.

अक्षरं 'अ'पासून सुरू होत नाहीत. 'अ' काढायला मुळात कठीण, आणि वर्णमाला उच्चाराच्या सोयीने लावलेली आहे, हाताच्या सोयीने नव्हे. हाताची सोय म्हणजे आपलं जुनं 'गमभन'. चारही अक्षरांना उजवीकडे उभा दंड, तो जमला की निम्मं अक्षर झालं. अडचण अशी की या चार अक्षरांतून 'नभ' आणि 'गमन' असे शब्द निघतात. भाजी घेताना कोणी 'नभ' म्हणत नाही. म्हणून र, घ, त, क, ळ लगेच आणायचे. 'घर', 'गरम', 'नळ'. 'नळ' हा शब्द वर्गात सगळ्यांना एका दमात वाचता येतो, कारण गावात दिवसातून सर्वांत जास्त वेळा तोच उच्चारला जातो, बहुधा 'आला नाही' यांच्यासह. मग जोड्या: व-ब-क, प-ष-फ, ट-ठ-ढ-द. एका दिवशी दोन-तीन नवी अक्षरं, त्याहून जास्त नाहीत. उत्साहाच्या भरात मी एकदम सहा लिहिली की दुसऱ्या दिवशी सहाही विसरलेली असतात आणि त्यांच्याबरोबर कालची तीनही.

शिरोरेषा शब्द पूर्ण झाल्यावर एकदम मारायची. ती मारताना हात राहत नाही आणि अपघात होतात. 'ध', 'भ' आणि 'थ' यांच्या डोक्यावरची रेघ पूर्ण नसते. ती सरसकट ओढली की ध चा घ, भ चा म आणि थ चा य. 'पाणी भर' असं लिहायला सांगावं आणि पाटीवर 'पाणी मर' यावं. जुन्या वळणाच्या 'ख'ची आणखी वेगळी तऱ्हा. त्यातले दोन भाग जरा लांब गेले की 'खा'चा 'रवा' होतो. आत्या हसू दाबून म्हणते, "छान. आता भ ची टोपी जरा फाडा." हीच चूक माझ्या हातून फळ्यावर झाली तर टोपी माझी उडते.

इथपर्यंत मजेत चाललेल्या वर्गाला पहिली गळती लागते ती वेलांटीला. पहिली वेलांटी बोलायची नंतर आणि दिसते आधी. 'किती' वाचताना डोळ्याला आधी वेलांटी भेटते, त्यामुळे तोंडातून 'इक' निघतं. त्यात चूक त्यांची नाही, लिपीची आहे. आत्याचा उपाय असा, की आधी 'क' लिहा आणि मग मागे जाऊन वेलांटी द्या, म्हणजे हाताचा क्रम तोंडाच्या क्रमाशी जुळतो. पण मागे जाताना डावीकडे जागाच ठेवलेली नसते, मग वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन आदळते. म्हणून आधीपासून एक बोट जागा सोडायची सवय लावायची. हे एक बोट माझं असतं. मी पाट्यांपाट्यांवर बोट ठेवत फिरतो.

दुसरी गळती 'र'ला. हा माणूस एका जागी बसेल तर शपथ. 'प्रकाश'मध्ये पायाशी, 'ट्रक'मध्ये खाली टोपी उलटी करून, 'सूर्य'मध्ये पुढच्याच्या डोक्यावर. म्हणजे वेलांटी आधी दिसून नंतर बोलायची आणि रफार नंतर दिसून आधी बोलायचा. सगळं कळल्यावरही 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' उरतातच. एक रेघ बदलली की गुरुजी थेट स्वयंपाकघरात. यावर आत्या संबंध एक तास घेते आणि त्या दिवशी वर्गात सगळ्यात जास्त हशा असतो. जोडाक्षरांना कंटाळून सोडून जाऊ पाहणारे चारजण तरी या तासामुळे टिकतात.

आकड्यांचा मामला उलटा आहे. तोंडी हिशेबात या वर्गासमोर मी उभा राहू शकत नाही. तीन किलो, पावशेर, वर सुट्टे, हे सगळं बाजारात बसणारी बाई माझ्या मोबाईलमधला कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत सांगून मोकळी होते. नोटा रंगावरून आणि आकारावरून ओळखलेल्या असतात. अडतं ते लिहिताना. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी आणि वीस नंतर येतात, म्हणून हात इमानदारीने ५ लिहून पुढे २ लिहितो, आणि पंचवीसचे बावन्न होतात. बँकेच्या स्लिपवर ही चूक स्वस्तात पडत नाही. 'एकोणतीस'मध्ये तीस ऐकू येतं आणि लिहायचे २९. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा राज्यभर केवढी थट्टा झाली. आत्या त्या थट्टेत नव्हती. प्रौढांच्या वर्गात दशकाची काडी आधी मोजायची ही रीत ती आजही वापरते: दहा-दहाच्या दोन जुड्या, पाच सुट्या काड्या, आणि आधी जुड्या लिहायच्या. जुड्या बांधणं माझ्याकडे. रबरबँड तुटले की सुतळी. आगपेटीच्या काड्या चालत नाहीत, कारण गुल असलेल्या काड्या वर्ग संपेपर्यंत अर्ध्या पेटवलेल्या असतात. पुरुषांच्या बाजूला.

पण खरी शिस्त बोलण्याची असते, आणि मी तिथेच रोज सापडतो. 'चुकलं' म्हणायचं नाही. 'पुन्हा एकदा वाचा' म्हणायचं. लाल शाई वापरायची नाही. सासू आणि सून यांना एका ओळीत बसवायचं नाही, दोघींपैकी एकही दुसरीसमोर तोंड उघडत नाही. आजीचं उत्तर नातवाला द्यायला लावायचं नाही. तो दुसरीतला नातू आईच्या मांडीवरून ओरडून उत्तर देतोच, म्हणून त्याच्याकडे डस्टर सोपवून त्याला 'फळाप्रमुख' करायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'सोपं आहे' असं कधी म्हणायचं नाही. मला हे फार दिवस कळलं नव्हतं. मी धीर द्यायला म्हणायचो, "अहो, सोपं आहे!" एका रात्री आत्याने घरी येताना विचारलं, "सोपं आहे म्हणालास आणि तिला आलं नाही, तर तिने काय समजायचं?" तिने त्यापुढे काही म्हटलं नाही. 'अवघड आहे खरं, बघू या' असं म्हणायचं. अवघड गोष्ट नाही आली तर लाज नाही आणि आली तर मिजास करता येते.

माझ्या बाबतीत यातला एकही नियम लागू नाही. माझा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोपसुद्धा दुरुस्त होऊन परत येतो. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२ साली चौदा होते, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. अठरापैकी मी रोज किती मोडतो हे आत्याला पाठ आहे. 'मूल' लिहिताना मू दीर्घ आणि त्याच मुलाला हाक मारली की 'मुलाला' ऱ्हस्व, 'वकील' दीर्घ पण 'वकिलाला' ऱ्हस्व. "वकिलाकडे गेल्यावर माणूस लहानच होतो," असं मी एकदा म्हणालो. ती हसली नाही. 'राहील' हा शब्द दहा वेळा लिहायला लावला.

सामुदायिक वाचनाबद्दल एक सांगायलाच हवं, कारण नवा स्वयंसेवक इथे हमखास फसतो. वीसजण एका सुरात धडा म्हणतात, छान वाटतं, ऊर भरून येतो. त्यातले चारच वाचत असतात. बाकीचे त्यांच्या मागोमाग म्हणतात, आणि तिसऱ्या दिवशी धडा पाठच झालेला असतो. पान उलटं धरलं तरी म्हणतील. खरं वाचतंय कोण हे पाहायचं तर चित्रावर हात ठेवायचा, शेवटच्या ओळीपासून वर वाचायला सांगायचं, किंवा मधलाच एखादा शब्द विचारायचा. पण तेही एकेकाला, बाजूला, हळू आवाजात. आणि धड्यापेक्षा दुसरं काही द्यायचं. एसटीची पाटी, विजेचं बिल, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख, मोबाईलमधलं मुलीचं नाव. गोळ्यांचं पाकीट बहुतेक वेळा इंग्रजीच असतं, पण आकडे तरी वाचता येतात. बऱ्याचजणी या एवढ्यासाठीच आलेल्या असतात.

वर्षाला परीक्षाही असते. 'उल्लास' या नावाने चालणाऱ्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांची नोंदणी होते, शिकवणारे स्वयंसेवक असतात, म्हणजे मानधनाचा विषय काढायचा नाही. पेपर १५० गुणांचा: वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. महाराष्ट्रात या कार्यक्रमाची पहिली परीक्षा १७ मार्च २०२४ रोजी झाली. मार्चचा महिना म्हणजे सुगीचे दिवस, त्यामुळे परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस वर्ग अर्धा ओस पडतो आणि पंधरा दिवसांचा खाडा म्हणजे निदान दहा अक्षरं गेली. मग आत्या वर्ग शेताच्या बांधावर नेते. फळा मी नेतो. घडीचा फळा असतो, पण तो घडी करून नेणाऱ्याने बनवलेला नसावा.

हे सगळं आटोपल्यावर, साडेनऊला, हजेरी. पूर्वी हजेरीच्या वहीत शाईचे ठसे असायचे. आता रांगेने सह्या होतात. पेन सैल धरलेलं, जीभ थोडी बाहेर, 'भ'ची टोपी शाबूत. एकेक नाव पूर्ण, आडनावासकट. 'द्रौपदी'सुद्धा. सगळ्यांत शेवटी सहायकाचा रकाना असतो. मी घाईत बँकेत करतो तशी सही करतो: एक वळसा, एक फराटा आणि खाली दोन टिंबं.

मागे उभ्या असलेल्या आजी चष्मा सावरून वाकून बघतात.

"बाई," त्या विचारतात, "हे काय काढलंय?"

आत्या वही जवळ घेते, दिव्याखाली धरते, डावीकडून उजेड येईल अशी. पुष्कळ वेळ बघते. मग आवराआवर झालेल्या ढिगातून एक पाटी ओढून माझ्यापुढे ठेवते.

"बस. पूर्ण नाव. अवघड आहे खरं, बघू या."